रेसला एलईडी फ्लॅग पॅनल लावताय? या चुका टाळा

गोव्यात ऑटोक्रॉस असो की कार्टिंग, हल्ली मार्शल पोस्टवर (ट्रॅककडेला झेंडे दाखवणारा माणूस उभा असतो ती जागा) झेंड्यासोबत त्याच रंगांचे सिग्नल दाखवणारं एलईडी पॅनलही हवं असतं. चांगलंच आहे, पण पॅनल पेटलं की काम झालं असं धरून बसणारे फार. पेटलेलं तुम्हाला दिसतं हो, ड्रायव्हरला दिसतंय का?

सगळ्यात मोठा घोळ जागेचा. सावली जिथे तिथे मार्शल उभा आणि त्याच्या शेजारी स्टँड. १०० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते, त्यामुळे वळणाच्या पोटात लपलेलं पिवळं, म्हणजे पुढे धोका असल्याची खूण, दिसेपर्यंत ब्रेक मारायची जागा कधीच मागे गेलेली असते. पॅनल वळणाच्या आधी हवं. त्यात दुपारनंतरचं तिरपं ऊन, पश्चिमेकडे तोंड केलेल्या पॅनलवर सरळ पडतं आणि रंग पार फिका दिसतो, तेव्हा वर छज्जा लावा, पॅनल जरा खाली झुकवा. रेसच्याच वेळेला कुणाला तरी हेल्मेट घालून, त्याची काच खाली करून गाडीतून एक हळू चक्कर मारायला लावा.

दुसरं म्हणजे वायर. 'पात्रांव (बॉस), बॅटरी फुल्ल आहे, तरी पॅनल मंद का?' हे दर इव्हेंटला ऐकू येतं. बॅटरी ५० मीटरवर सावलीत, मधे म्हापशाहून आणलेली दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर. जाऊन-येऊन १०० मीटर झाली, म्हणजे साधारण १.२ ओहम, आणि पॅनल ३ अँपिअर ओढत असेल तर साडेतीन व्होल्ट वाटेतच गायब! पॅनलला उरतात जेमतेम ९. सगळे मीटर लावतात बॅटरीला, तिथे १२.६ दिसतात आणि मग दोष पॅनलवर ढकलतात. मीटर पॅनलच्या टोकाला लावा, तेही पॅनल पूर्ण पेटलेलं असताना. बॅटरी स्टँडच्या पायाशी ठेवलीत तर प्रश्नच मिटतो, नाहीतर ४ स्क्वेअर एमएमची वायर घ्या.

सड्यावरची (कातळाच्या पठारावरची) लाल धूळ दोन-तीन हीटमध्ये, म्हणजे रेसच्या फेऱ्यांमध्ये, पॅनलवर थर धरते. सुक्या फडक्याने घासू नका, ॲक्रिलिकवर ओरखडे पडतात, आधी पाणी मारा. किनाऱ्याजवळ खारी हवा कनेक्टर हिरवे करून टाकते आणि वरून इन्सुलेशन टेप गुंडाळली तर दमट हवा आतच कोंडते, त्यापेक्षा वॉटरप्रूफ कनेक्टर घ्या.

पॅनल वायरलेस रिमोटने चालवणाऱ्यांनो, ऑनलाइन स्वस्त मिळतात म्हणून ९१५ मेगाहर्ट्झचे मॉड्यूल उचलू नका, आपल्याकडे लायसन्स न लागणारा पट्टा ८६५ ते ८६८ चा. २.४ गिगाहर्ट्झवालं सकाळी रिकाम्या मैदानावर झकास चालतं, पब्लिक मोबाईल घेऊन आली की रडायला लागतं. आणि ही टेस्ट कराच: हिरवा (ट्रॅक मोकळा) लावा, मग कंट्रोलचा रिमोट मुद्दाम बंद करा. लिंक तुटूनही पॅनल हिरवाच दाखवत बसलं तर ते ट्रॅकवर नकोच, पुढे गाडी उलटलेली असेल तरी ड्रायव्हर फुल थ्रॉटलमध्ये येणार. म्हणून झेंडा मार्शलच्या हातातच राहू दे, पॅनल आहे म्हणून गाडीच्या डिकीत नको.

डबल पिवळा म्हणजे थांबायच्या तयारीत राहा, लाल-पिवळे पट्टे म्हणजे ट्रॅक घसरडा, हे ब्रीफिंगला पॅनल पेटवून दाखवा, नुसतं तोंडी नको. तरी सगळे वेग कमी करतीलच असं नाही. २०१४ ला जपानमधल्या सुझुका ट्रॅकवर डबल पिवळ्यातच फॉर्म्युला वन ड्रायव्हर ज्यूल बियांकीचा अपघात झाला आणि पुढच्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये व्हर्च्युअल सेफ्टी कार (सगळ्यांना ठरलेल्या कमी वेगात चालवायला लावणारी पद्धत) आली. त्यामुळे मार्शलनी अडकलेली गाडी उचलायला धावण्याआधी येणाऱ्या गाड्यांकडे बघावं.

मोबाईलच्या व्हिडिओत पॅनल फडफडताना दिसलं तर घाबरू नका, तो बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा खेळ असतो.

सीझन संपला की बॅटऱ्या अर्ध्या उतरलेल्या तशाच गोदामात टाकतात आणि पावसाळ्यानंतर बोंब मारतात. लेड-ॲसिड बॅटरी फुल चार्ज करून ठेवा, मधे महिन्याला एकदा चार्जरवर लावा.