बर्फातल्या कॅम्पिंगसाठी हलका फोर-सीझन टेंट कसा निवडायचा

डिसेंबर-जानेवारीत केदारकांठा, ब्रह्मताल अशा बर्फातल्या ट्रेकला आपल्याकडची बरीच मंडळी जातात, आणि ट्रेकिंग कंपनीबरोबर गेलात तर टेंट तेच देतात, त्यामुळे हे सगळं त्यांच्यासाठी आहे ज्यांना दोघा-तिघांच्या ग्रुपने आपलं सामान पाठीवर घेऊन जायचंय आणि स्वतःचा टेंट विकत घ्यायचाय.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, फोर-सीझन टेंट, म्हणजे हिवाळ्यासकट चारही ऋतूंत चालणारा टेंट, हा काही गरम टेंट नाही. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा थोडंच जास्त असतं, बाकी ऊब येते ती स्लीपिंग बॅग आणि मॅटमधून. टेंटचं काम वारा अडवायचं, वर साचलेल्या बर्फाचं ओझं पेलायचं आणि वाऱ्याने उडणारा बर्फाचा भुगा आत येऊ द्यायचा नाही, एवढंच. म्हणून सगळं बजेट टेंटवर संपवू नका. बर्फावर झोपायचं तर मॅटची आर-व्हॅल्यू (थंडी अडवायच्या क्षमतेचा आकडा, जितका जास्त तितकं बरं) ५ च्या आसपास हवी, खालची मॅट पातळ असेल तर कितीही महागडा टेंट असू दे, अंगातली ऊब रात्रभर जमिनीत जाणार.

मग बघा की तुम्ही नक्की कुठे झोपणार आहात. सांकरीहून केदारकांठ्याला निघालं की जुडा का तालाब या वाटेतल्या तळ्यापर्यंत झाडी असते, तिथे वारा बराच अडतो, हवामान चांगलं असेल तर मजबूत थ्री-सीझन (कडक हिवाळा सोडून इतर ऋतूंसाठीचा) टेंटसुद्धा चालून जातो, फक्त इनर म्हणजे आतला तंबू पूर्ण जाळीचा नको. झाडी संपल्यावर उघड्या धारेवर, किंवा हिवाळ्यात स्पिती-लडाखला, तिथे मात्र खरा फोर-सीझनच पाहिजे. आणि फक्त सह्याद्रीत थंडीचे ट्रेक करायचे असतील तर हा खर्च करूच नका, हरिश्चंद्रगडावर जाळीवाला साधा टेंट जास्त बरा, हवा खेळती राहते.

आता वजन. दोघांच्या टेंटसाठी साधारण २ ते ३ किलो ही चांगली रेंज आहे, ४ किलोच्या पुढे गेलं की तो एक्स्पिडिशनचा माल, बेसकॅम्पला ठीक पण रोज पाठीवर वाहायला नको. कंपन्या दोन वजनं लिहितात, एक कमीत कमी म्हणजे फक्त इनर, फ्लाय (बाहेरचं आवरण) आणि पोल, आणि दुसरं पॅक्ड म्हणजे पेग (जमिनीत ठोकायचे खुंटे), दोऱ्या, पिशव्या सगळ्यासकट. तुलना नेहमी पॅक्ड वजनाची करा, वर बर्फाचे रुंद पेग वेगळे घ्यावे लागतात ते धरा. दोघांत वाटून घेतलं की अडीच किलोचा टेंट सव्वा-सव्वा किलोवर येतो, त्यामुळे दोन-तीनशे ग्रॅम वाचवायला पातळ पोलवाला टेंट घेणं मला तरी अजिबात पटत नाही.

कारण खरी ताकद पोलमध्येच असते. फायबरग्लासचे पोल थंडीत तडकतात, ते बघायचेच नाहीत, चांगलं ॲल्युमिनियम पाहिजे. दुकानात टेंट उभा करून पोल एकमेकांना किती ठिकाणी छेदतात ते मोजा, जितके छेद जास्त तितकं छत कमी दबतं. जिओडेसिक डोम, म्हणजे पोल बऱ्याच ठिकाणी छेदणारा घुमटासारखा टेंट, पेगशिवायही उभा राहतो आणि बर्फ पेलतो, पण जड असतो. हिलेबर्गसारख्या स्वीडिश कंपनीचे टनेल टेंट (बोगद्यासारखे लांबट) वजनाच्या मानाने भरपूर जागा देतात, पण ते पूर्णपणे पेगवर उभे असतात आणि वर बर्फ साचला की रात्री उठून झटकावा लागतो.

सिंगल वॉल की डबल वॉल? सिंगल वॉल म्हणजे एकाच कापडाचा, डबल वॉल म्हणजे इनर आणि फ्लाय वेगळे. सिंगल वॉल सगळ्यात हलका, पण श्वासाची वाफ भिंतीवर गोठते आणि सकाळी तेच दव होऊन स्लीपिंग बॅगवर पडतं. कोरड्या लडाखी थंडीत निभावतं, उत्तराखंडच्या दमट बर्फात मी डबल वॉलच घ्या म्हणेन. इनर कापडी, फ्लाय जमिनीपर्यंत आणि वरती उघडता येणारे व्हेंट (हवेची झडपं), ते कितीही थंडी असली तरी थोडे उघडे ठेवायचेच. लांबीही बघा, जाड बॅगमध्ये झोपल्यावर पाय भिंतीला टेकले की बॅग भिजते, म्हणून २१५-२२० सेंटीमीटर हवी.

घेण्याआधी जाड हातमोजे घालून दुकानातच टेंट लावून बघा. झिपची दोरी बोटात येते का, पोल सहज सरकतात का, फ्लाय आधी लागतो की इनर? बर्फ पडत असताना इनर आधी लावावा लागला तर तो आतून भिजणार.

बर्फात साधा पेग धरत नाही, निघून येतो. आधी पायाने जागा तुडवून सपाट करा आणि अर्धा तास तशीच सोडा, ती घट्ट होते. मग रिकाम्या पिशवीत बर्फ भरा, दोरी तिच्या मध्यावर बांधा, फूटभर खड्डा करून पिशवी दोरीला आडवी पुरा, वरून बर्फ दाबा आणि घट्ट होईपर्यंत दोरी ताणू नका. टेंटपेक्षा ही पद्धत जास्त कामाला येते, घरून निघण्याआधी गाठ मारायचा सराव करून ठेवा.

टेंटमध्ये स्टोव्ह किंवा शेगडी कधीही पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो. स्वयंपाक बाहेर, फारच वादळ असेल तर पोर्चमध्ये, दार उघडं ठेवून आणि कोणीतरी जागं राहून.

घरी आल्यावर टेंट पूर्ण सुकवून, घडी घट्ट न करता सुती पिशवीत ठेवा. पीयू कोटिंग (कापडावरचा पाणी अडवणारा थर) दमट हवेत चिकट होऊन सुटायला लागतं, मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तर हे फार लवकर होतं, त्यामुळे जूनच्या आधी एकदा उघडून उन्हात नाही, सावलीत पंख्याखाली वाळवून घ्या.