पासिंगआधी मागचे ब्रेक : केबल आवळू नका, ड्रम उघडा

खासगी गाडीला १५ वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि पुढे दर ५ वर्षांनी तेच. मुदत संपायच्या आधीचे ६० दिवस अर्जासाठी हातात असतात. तरीही जुनी ८००, झेन किंवा सँट्रो गॅरेजमध्ये येते ती बहुधा पासिंगच्या, म्हणजे त्यासाठीच्या आरटीओ तपासणीच्या, आदल्या संध्याकाळी. मालक म्हणतो, हँडब्रेक धरत नाही. गॅरेजवाला केबलचा नट चार वेढे आवळतो, लिव्हर हाताला कडक लागतो, आणि सगळे खूश. मागचे ब्रेक मात्र होते तिथेच असतात.

मागच्या ब्रेकच्या बाबतीत सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

केबलने शूचं काम भागवणं

या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात : चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमवर आतून दोन शू दाबले जातात, आणि हँडब्रेक त्याच शूंवर चालतो. शूवरचा घासणारा थर, म्हणजे लायनर, झिजत जातो तसं शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं. ते भरून काढायला आत ॲडजस्टर असतो आणि बऱ्याच गाड्यांत तो आपोआप पुढे सरकतो, निदान सरकायला हवा. आपल्याकडचे पावसाळ्याचे चार महिने आणि किनाऱ्यावरची खारी हवा यांत तो गंजून जाम होतो. मग पेडल खोल जाऊ लागतं, हँडब्रेकच्या दहा-बारा खाचा वाजतात, आणि गोव्यात चोडणच्या फेरीबोटीसाठी रांगेत उभं राहिलं तर गाडी उतारावर हळूच सरकते.

अशा वेळी नुसती केबल ओढली की आतला हँडब्रेकचा हात आपल्या मूळ जागेवरून उचललेलाच राहतो. त्यामुळे बऱ्याच रचनांत आपोआप चालणारा ॲडजस्टरही नीट चालत नाही. भरीला एका चाकाचा शू सतत घासतो, ड्रम तापतो आणि दुसऱ्या चाकाला काहीच पोचत नाही. पासिंगला दोन्ही चाकांचा ब्रेक सारखा लागतो का हेही बघितलं जातं, तेव्हा हा इलाज तिथेच उघडा पडू शकतो.

क्रम उलटा ठेवा. आधी केबल पूर्ण सैल करा. ड्रम काढून ॲडजस्टर साफ करा आणि शू इतके जवळ आणा, की ड्रम बसवल्यावर चाक हाताने फिरताना अगदी हलकं घासेल. पेडल काही वेळा दाबून शू मध्यावर येऊ द्या. मगच केबलला हात लावा. साधारण पाच-सात खाचांत गाडी धरली पाहिजे. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या माहितीपुस्तकात असतो आणि खरा तोच.

न तपासता नवे शू टाकणं

ब्रेक कमी लागतो म्हणून सरळ शूचा सेट आणायचा, हा दुसरा उद्योग. आधी पाय काय सांगतो ते बघा. पहिल्यांदा पेडल खोल जातं, दोन-तीनदा मारल्यावर वर येतं आणि कडक वाटतं, तर बहुधा अंतर वाढलंय. स्पंजसारखं दबतं, तर लाइनमध्ये, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळीत, हवा आहे. पाय दाबून धरला असताना पेडल सावकाश खाली बसत जातं, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या सिलिंडरचे) रबर गेलेत, आणि ती गाडी रस्त्यावर काढायची नाही. पेडल दगडासारखं घट्ट पण गाडी थांबत नाही, तर पायाचा जोर वाढवणारा बूस्टर किंवा त्याची व्हॅक्यूमची नळी बघा. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारा, दाबून धरा आणि इंजिन चालू करा. बूस्टर ठीक असेल तर पेडल किंचित खाली जातं.

मग पुढच्या चाकांना दगड लावून, सपाट जागेवर, मागची बाजू जॅकने उचला आणि स्टँडवर बसवा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका. कुणालातरी पेडल हलकं दाबायला सांगा आणि एकेक चाक फिरवून बघा. एक अडकतं आणि दुसरं फिरत राहतं, तर काम त्या दुसऱ्या चाकात आहे. छोट्या फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत बहुधा एका बाजूचं मागचं चाक आणि दुसऱ्या बाजूचं पुढचं चाक एकाच लाइनवर असतं. त्यामुळे असे तिरपे दोन्ही ब्रेक मंद असतील तर ड्रम उघडण्याआधी मास्टर सिलिंडरकडे बघा.

ड्रम हातोड्याने फोडणं

गंजलेला ड्रम सहज निघत नाही. आधी हँडब्रेक सोडलाय ना, केबल सैल आहे ना, ते बघा. ऐकायला साधं आहे, पण अर्धी भांडणं इथेच मिटतात. बऱ्याच ड्रमला चुडीची दोन भोकं असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट आलटून पालटून आवळत गेलं की ड्रम सुटून येतो. काही गाड्यांत ड्रम आणि हब एकच असतात आणि मधला नट काढावा लागतो. तिथे नट फिरू न देणारी स्प्लिट पिन नवी टाका, जुनी वाकवून पुन्हा घालू नका.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू नमुना म्हणून तशीच राहू द्या, नाहीतर कुठली स्प्रिंग कुठे होती यावर संध्याकाळ जाते. डावा आणि उजवा ॲडजस्टर बहुतेक वेळा वेगळे असतात. त्यांची अदलाबदल झाली तर अंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतं. आणि आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसा, मास्क लावा.

ओला लायनर घासून परत लावणं

शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबरी टोपण जरा मागे सरकवा. आत ब्रेक ऑइल साचलं असेल तर तो सिलिंडर गेला. ऑइल प्यायलेला लायनर पॉलिश पेपरने घासला किंवा आगीवर तापवला, तरी ऑइल पुन्हा वर येतं. शू बदलायचे आणि तेही दोन्ही बाजूंचे. ओम्नी, सुमो, बोलेरो अशा मागून ओढणाऱ्या गाड्यांत आणखी एक शक्यता असते : ॲक्सलचं ऑइल सील. ते ऑइल जाड आणि उग्र वासाचं असतं, ब्रेक ऑइलसारखं पातळ नाही. सील तसंच ठेवून नवे शू टाकले तर तेही भिजतात.

ड्रमला खाच पडली असेल तर लेथवर घासता येतो, पण ड्रमवर जास्तीत जास्त व्यासाचा आकडा कोरलेला असतो. तो ओलांडला की ड्रम भंगारात. हे ठरवायला मापाचं साधन लागतं, डोळ्याचा अंदाज चालत नाही.

हवा काढताना

ब्लीडिंग निपल (व्हील सिलिंडरवरचा हवा सोडायचा स्क्रू) गंजलेला असेल तर आदल्या दिवशीच गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा. जोर लावून तो तुटला की पुरा सिलिंडर बदलावा लागतो. जुन्या मास्टर सिलिंडरचं पेडल तळापर्यंत दाबू नका. आतल्या ज्या भागात पिस्टन एरवी जात नाही तिथे गंज आणि घाण असते, आणि रबर त्यावर घासून फाटतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी अर्ध्याखाली गेली की थांबून भरा.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ या प्रकारच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २०५ अंश असतो, पाणी मुरल्यावर तो १४० च्या आसपास येतो. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना हा फरक पायाला कळतो. म्हणून अर्धी वापरून ठेवलेली जुनी बाटली टाकून द्या. आपल्या हवेत ती कपाटातच शिळी होते.

मागच्या ॲक्सलजवळ दांडी जोडलेला वजनाप्रमाणे दाब बदलणारा व्हॉल्व्ह असेल (मालवाहू आणि मोठ्या गाड्यांत असतो), तर ती दांडी गंजून अडकली नाही ना ते बघा. अशा गाडीचे मागचे ब्रेक चाकं लटकत असताना ब्लीड करू नका, म्हणजे हवा काढू नका, कारण तेव्हा व्हॉल्व्ह दाब कमी करतो. दांडी वाकवून ब्रेक वाढवणं तर अजिबात नको. रिकाम्या गाडीची मागची चाकं आधी लॉक होतील आणि पावसात गाडी फिरेल.

दुसऱ्याच दिवशी पासिंग

नवे शू ड्रमवर पूर्ण टेकत नाहीत, विशेषतः ड्रम लेथवर घासला असेल तर. मोकळ्या रस्त्यावर ४० च्या वेगातून मध्यम दाबाने गाडी मंद करत जा, मध्ये ड्रम थंड होऊ द्या आणि थोडे दिवस रोजच्या कामाला गाडी वापरा. त्यानंतर ड्रमच्या बाहेरून एकदा अंतर पुन्हा तपासा, कारण शू बसले की ते थोडं वाढतं. म्हणून हे काम पासिंगच्या आठवडाभर आधी काढावं. टॅक्सीवाल्यांना तर ८ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेस लागतो, त्यांनी ड्रम साफ करणं पावसाळ्यानंतरच्या ठरलेल्या कामांत धरलं तर बरं.

ब्रेक लाइटचा स्विचही बघून घ्या. पेडलची उंची बदलली की तो कधी सतत पेटतो, कधी पेटतच नाही.

घरचा माणूस गल्फला असल्यामुळे गाडी महिनोन्‌महिने पोर्चमध्ये उभी राहत असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, पावसाळ्यात शू ड्रमला चिकटतात. पहिला गिअर टाका आणि चाकाला दगड लावा.