सावा: ओळखावा कसा, परसात पिकवावा कसा

उपवासाची भगर म्हणून बाजारात दोन वेगळी धान्यं येतात, वरई आणि सावा. दोन्ही एका पावसाळ्यात जगून मरणारी गवतं. वरई आपल्याकडे नाशिक-पालघरच्या डोंगरउतारांवर होते, तर सावा मुख्यतः उत्तराखंडात, झंगोरा किंवा मादिरा या नावानं. ओल मात्र साव्याला जास्त मानवते. त्याचा रानटी भाऊ तर आपल्या प्रत्येक भातखाचरात न बोलावता हजर असतो.

आधी ओळख

कोवळेपणी सावा आणि भात इतके सारखे दिसतात की लावणीच्या रोपांबरोबर सावाही खाचरात जातो. पान जिथे खोडाला कवटाळतं तिथे ते अलगद मागे वाकवून सांध्यात पाहा. भाताला तिथे पातळ, पांढरट, उभा पापुद्रा असतो आणि बाजूंना दोन बारीक केसाळ आकडे. साव्याचा सांधा अगदी कोरा, पापुद्रा नाही की आकडे नाहीत. माझ्या मते पहिल्यांदा हीच खूण शिकावी, कारण उंची आणि पानाची रुंदी जमिनीप्रमाणे बदलते.

लोंबी आली की रानसावा आणि लागवडीचा सावा वेगळे काढता येतात. रानसाव्याची लोंबी सडपातळ, तिच्या फांद्या सुट्या सुट्या. काही झाडांच्या पानांवर जांभळे आडवे पट्टेही असतात. लागवडीच्या साव्याची लोंबी जाड आणि गच्च. रानसाव्याचा दाणा पिकेल तसा गळून पडतो, लागवडीचा पिकल्यावरही धरून राहतो. वरईची लोंबी या दोघांपेक्षा मोकळी, विखुरलेली असते.

रानसाव्याचे दाणेही खाता येतात. पण गटाराकाठचा किंवा तणनाशक मारलेल्या बांधावरचा कधीच घेऊ नका.

बियाणं आणि पेरणी

दुकानातली भगर पेरू नका. तिचं तूस काढलेलं असतं, त्यात अंकुर दुखावतो. तुसासकट असलेलं बियाणं शेतकऱ्याकडून किंवा कृषी विद्यापीठाकडून मिळवा. हेक्टरी साधारण 8 ते 10 किलो लागतं, म्हणजे एका चौरस मीटरला जेमतेम 1 ग्रॅम. एवढं बी हातानं सारखं पडत नाही, म्हणून ते कोरड्या वाळूत कालवून घ्या.

जूनमध्ये पाऊस लागला आणि माती वाफशावर आली, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली झाली, की 25 सेंटिमीटर अंतरावर ओळी पाडा आणि बी 2 सेंटिमीटर खोल टाका. त्याहून खोल गेलं तर एवढ्याशा दाण्याला वर येणं जड जातं. गच्चीवर रुंद, पसरट वाफा चालतो.

उगवून दोन-तीन आठवडे झाले की विरळणी करून रोपांत 10 सेंटिमीटर अंतर ठेवा. पहिला महिना निंदणी चुकवू नका. पुढे फुटवे आले की पीक स्वतःच जागा धरतं. एवढं होईपर्यंत वाफ्यात पाणी साचू देऊ नका. मोठं झाल्यावर थोडे दिवस पाणी तुंबलं तरी सावा तग धरतो. पावसानं ओढ दिली तर फुटव्याच्या आणि लोंबी निघण्याच्या वेळी पाणी द्यायला हवं. दाणा भरू लागला की चिमण्या आणि मुनिया येतात, त्याआधीच जाळी लावा.

काढणी आणि त्यापुढचं खरं काम

वाणाप्रमाणे तीन महिन्यांच्या आसपास लोंब्या पिवळट-तपकिरी होतात. त्या कापून उन्हात वाळवा, झोडपा, सुपानं पाखडा. इथवर सगळं सोपं आहे. दाण्याला चिकटलेलं कठीण, चकचकीत तूस काढणं हीच खरी मेहनत. खडखडीत वाळलेला दाणा उखळात हलक्या हातानं कांडा, पाखडा, उरलेला पुन्हा कांडा. मिक्सरमध्येही थांबत थांबत फिरवून जमतं, थोडा चुरा होतो एवढंच. तो खिरीला वापरावा. उत्तराखंडात झंगोऱ्याची खीर सणावाराला होतेच.

साठवायचं ते तुसासकट, कोरड्या डब्यात. सोललेली भगर दमट हवेत लवकर बुरशी धरते, आणि जुन्या पिठानं उपवासाच्या दिवसांत विषबाधा झाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. म्हणून पीठ लागेल तेवढंच दळा आणि वास लागलेली भगर धुऊन वापरायच्या भानगडीत पडू नका, सरळ टाकून द्या.