डेझर्ट हॉट स्प्रिंग्ज येथे विणकाम आणि योगाचे शिबिर कसे भरवावे

कॅलिफोर्नियातल्या डेझर्ट हॉट स्प्रिंग्ज या गावी विणकाम आणि योगासने यांचे दोन-तीन दिवसांचे निवासी शिबिर भरवायचे असेल, तर सर्वांत आधी दिवसाचा क्रम ठरवावा. सकाळी आसने, मग विणकाम आणि सूर्य मावळल्यावर तिथल्या नैसर्गिक गरम पाण्याच्या कुंडात बसणे, हाच क्रम मला योग्य वाटतो. गरम पाण्यातून उठल्यावर हात सैल पडतात, बोटांची कातडी सुरकुतते आणि टाक्यांचा ताण बदलतो. माझ्या करड्या मफलरमधला चार बोटे रुंदीचा एक पट्टा आजही बाकीच्या विणीपेक्षा ढगळ दिसतो. तेवढ्या ओळी मी कुंडातून आल्या आल्या विणल्या होत्या.

हे गाव पाम स्प्रिंग्जच्या उत्तरेला, सॅन आंद्रेआस भूभ्रंशाच्या, म्हणजे जमिनीतल्या लांबलचक भेगेच्या, मिशन क्रीक या फाट्यावर वसलेले आहे. या भेगेच्या एका अंगाला जमिनीखाली गरम पाणी आहे, तर दुसऱ्या अंगाला थंड. 1913 साली येथे वस्तीला आलेल्या कॅबॉट यर्क्सा यांनी हाताने विहीर खणली, तेव्हा त्यांना गरम पाणी लागले. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांची सवय असलेल्यांना येथे गंधकाचा वास येत नाही याचे नवल वाटेल. गावात लहान निवासस्थाने बरीच असल्यामुळे दहा-बारा जणांसाठी एखादे पूर्ण घेता येते का, हे आधी विचारावे. काही ठिकाणी लहान मुलांना प्रवेश नसतो, याचीही चौकशी करावी.

नोव्हेंबर ते मार्च हा काळ निवडावा, कारण उन्हाळ्यात पारा सहज 40 अंशांच्या वर जातो. हिवाळ्यात मात्र दिवसा ऊबदार आणि रात्री चांगलीच थंडी असते, त्यामुळे शाल लागतेच. सॅन गोर्गोनियो खिंडीतून येणारा वारा इतका जोरदार असतो की त्यावर तिथे पवनचक्क्यांची रांगच उभी आहे. उघड्यावर बसल्यास नमुन्याचा कागद उडतो, लोकरीचा गुंडा वाळूत लोळतो आणि बारीक काटे त्यात अडकतात. म्हणून विणायला भिंतीच्या आडोशाची सावली शोधावी आणि गुंडा झाकणाच्या टोपलीत किंवा कापडी पिशवीत ठेवावा.

आसने विणणाऱ्यांच्या शरीराला धरून निवडावीत. तासन्‌तास मान खाली घालून बसल्याने खांदे पुढे येतात आणि मनगटे अवघडतात. ताडासन, मार्जारासन, गोमुखासन आणि गरुडासनातली हातांची स्थिती यांनी हेच भाग मोकळे होतात. गोमुखासनात पाठीमागे बोटे एकमेकांना पोहोचत नसतील, तर हातात पट्टा धरावा. पट्टा, ठोकळे आणि खुर्ची यांचा पद्धतशीर वापर पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांनी रूढ केला, आणि ज्येष्ठ मंडळी असलेल्या गटात ही साधने हाताशी हवीतच. आसने रिकाम्या पोटी करावीत आणि शेवटी शवासन टाळू नये. विणताना दर अर्ध्या तासाने सुया खाली ठेवून मनगटे फिरवावीत.

विणायला टोपी किंवा साधा मफलर घ्यावा. जाळीदार शालीसाठी सतत टाके मोजावे लागतात आणि गप्पांत एक टाका गळला, तरी चार ओळी उसवाव्या लागतात. सुलट-उलट विणीत सुटलेला टाका क्रोशाच्या सुईने ओळीओळीने वर उचलता येतो. पहिल्याच सकाळी सर्वांना हे करून दाखवावे, म्हणजे नवख्यांची भीती जाते. काळी किंवा गडद निळी लोकर टाळावी, कारण संध्याकाळच्या उजेडात तिचे टाके दिसत नाहीत. गोलाकार सुई असल्यास काम मांडीवर राहते आणि मनगटावर भार कमी येतो.

पाण्यात शिरण्यापूर्वी विणकाम खोलीत ठेवून यावे. ओली, गरम लोकर चोळली गेली की आटून घट्ट होते. भरल्या पोटी कुंडात बसू नये. एका वेळी पंधरा मिनिटे पुरेशी आहेत, आणि त्याआधी व नंतर भरपूर पाणी प्यावे, कारण वाळवंटाच्या कोरड्या हवेत घाम आलेला कळतच नाही. गरोदर स्त्रियांनी, तसेच हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. झोपण्यापूर्वी बोटांना खोबरेल तेल चोळावे, नाहीतर बोटांची टोके फुटतात आणि सकाळी लोकरीचा धागा त्या भेगांत अडकतो.