कुरिअर गोळी खाण्याआधी कोण होता? ‘फॉलआउट: न्यू वेगास’साठी बॅकस्टोरी लिहिण्याची रीत

‘फॉलआउट: न्यू वेगास’ (२०१०) हा अणुयुद्धानंतरच्या अमेरिकेतला रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम. तो सुरू होतो तोच तुमच्या कॅरेक्टरला, म्हणजे एका कुरिअरला, गोळी घालून गुडस्प्रिंग्जच्या दफनभूमीत पुरण्यापासून. डॉक मिचेलच्या घरी शुद्ध येते, तो नाव विचारतो, चेहरा जागेवर आहे ना ते दाखवतो, आणि दहा मिनिटांत आकडे भरून तुम्ही उन्हात उभे. आधीच्या आयुष्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. मजा या मोकळिकीतच आहे, आणि बहुतेकांची पहिली चूकही तिथेच होते.

खेळाडू वहीत दोन पानं लिहितो. गाव रेडर्सनी जाळलं, आईबाप गेले, सूडाची शपथ. मग वीस तास खेळून होतात आणि त्या दोन पानांतली एक ओळही कुठे कामी आलेली नसते. गेमला तुमची वही वाचता येत नाही. त्याला कळतात ते स्किलचे (कौशल्यांचे) आकडे, पर्क (लेव्हल वाढली की मिळणारे खास फायदे), कुठल्या फॅक्शनशी (गटाशी) तुमचं कसं आहे, कोण मेलंय, आणि कुठलं काम तुम्ही घेतलं किंवा नाकारलं. यांपैकी कशालाच हात न लावणारी ओळ कितीही झकास असो, वाया गेली. म्हणून चार ओळी पुरतात. पण खेळताना प्रत्येक ओळीने एकदा तरी तुमचा हात धरला पाहिजे.

(पुढे गेमच्या मध्यापर्यंतचे प्रसंग उघड केले आहेत.)

आधी ठरलेलं काय, ते मोजा

न्यू वेगासमध्ये ठरलेल्या गोष्टी थोड्या आहेत. तारीख १९ ऑक्टोबर २२८१. तुम्ही मोहावी एक्स्प्रेसचं टपाल पोचवण्याचं काम घेतलं होतं. कामाचा कागद सुरुवातीपासून तुमच्या सामानातच असतो, त्यावर ‘६ पैकी ६’ लिहिलंय. तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. प्रिम गावात मोहावी एक्स्प्रेसचा जॉन्सन नॅश सांगतो की हे पार्सल आधी दुसरा एक कुरिअर नेणार होता, पण यादीत तुमचं नाव बघून तो मागे हटला. वय, जन्मगाव, घरदार, आधीची वर्षं हे सगळं मोकळं.

अडचण येते ‘लोनसम रोड’ या डीएलसीत, म्हणजे गेमला नंतर जोडलेल्या भागात. तिथे युलिसिस नावाचा कुरिअर सांगतो की तुम्ही ‘डिव्हाइड’ नावाच्या मुलखाच्या वाटेने बरीच वर्षं ये-जा केली होती, आणि नव्हारोहून तुम्हीच आणलेल्या एका पार्सलमुळे तिथे अनर्थ घडला. ‘माझं कॅरेक्टर गेल्या आठवड्यातच कुरिअर झालं’ असं लिहिलेल्यांची बॅकस्टोरी इथे कोसळते. हे डीएलसी खेळणार असाल तर आधीच सावध व्हा: कुरिअरकीची निदान काही वर्षं हिशेबात धरा आणि त्या वर्षांत काय वाहून नेलं ते कोरं ठेवा. टपाल नेणाऱ्याला पिशवीत काय आहे ते माहीत नसणं यात काही खोटं वाटत नाही.

मालिकेतले बाकीचे गेम इतकी मोकळीक देत नाहीत. ‘फॉलआउट ३’मध्ये तुमचा जन्म, दहावा वाढदिवस, सोळाव्या वर्षीची परीक्षा आणि बाप, सगळं गेमच दाखवतो, तुम्ही फक्त स्वभाव भरायचा. ‘फॉलआउट ४’विषयी शेवटाकडे, कारण तिथलं दुखणं निराळं आहे.

चार ओळी

पहिली ओळ पोटापाण्याची. कुरिअर होण्याआधी भाकरी कशावर मिळायची? यातून तीन टॅग स्किल, म्हणजे सुरुवातीलाच निवडून वाढवायची कौशल्यं, निघतात.

दुसरी ओळ देण्याची. कुणाला काय देणं लागतं? पैसे, माफी, निरोप, काहीही. पण बेनीशी, म्हणजे तुम्हाला गोळी घालणाऱ्याशी, त्याचा संबंध नको. का ते पुढे येईल.

तिसरी ओळ नकाराची. हे कॅरेक्टर कुठलं काम कधीच करणार नाही? नकार असा हवा की तो पाळताना पदरचं काहीतरी जाईल. ‘लहान मुलांना मारणार नाही’ हा नकार फुकटचा आहे, कारण गेम ते करूच देत नाही.

चौथी ओळ सगळ्यात जास्त विसरली जाते: कॅरेक्टरची एक चुकीची समजूत. जगाबद्दल त्याला काहीतरी पक्कं माहीत असावं आणि ते खरं नसावं. सगळं ओळखून असलेलं कॅरेक्टर खेळताना बदलत नाही, आणि तीस तासांनी तुम्हालाच त्याचा कंटाळा येतो.

आता एक उदाहरण. एनसीआरच्या (न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिक या राज्याच्या) मुलखातल्या छोट्या पशुपालकाची मुलगी. कळप आजारात गेला, जमीन कर्जात एका बड्या पशुमालकाने गिळली, ती काफिल्यांसोबत राखणीला लागली आणि तिथून टपालाकडे वळली. (हा कळप दोन डोक्यांच्या गुरांचा, आणि या मालिकेत त्या जनावराचं नाव ‘ब्राह्मिन’. २००८ साली मायक्रोसॉफ्टने सांस्कृतिक संवेदनशीलतेचं कारण देऊन ‘फॉलआउट ३’ भारतात आणलाच नाही. नेमकं कशामुळे ते कंपनीने सांगितलं नाही, पण सगळ्यांचं बोट या जनावराकडेच गेलं.)

तिचं देणं: घरी राहिलेल्या बापाला दर महिन्याला पैसे. नकार: कुणाच्याही कर्जाची वसुली करणार नाही, आणि कुणाचा धंदा मोठ्याच्या नावावर करून देणाऱ्या कागदावर सही घेणार नाही. समजूत: एनसीआर मुळात छोट्या माणसाचं राज्य आहे, फक्त वरचे चारदोन धनदांडगे किडलेत.

हे मोहावीत, म्हणजे गेम घडतो त्या वाळवंटात, कसं टोचतं ते बघा. स्ट्रिपच्या (कॅसिनोंच्या रस्त्याच्या) दारावर रोबो तुमच्याकडे २००० कॅप्स (गेममधलं चलन) आहेत का ते तपासतात. नसतील तर बनावट परवाना किंवा दुसरी एखादी वाट शोधावी लागते. दारासमोरच फ्रीसाइड ही वस्ती, आणि तिथल्या अ‍ॅटॉमिक रँगलर कॅसिनोत फ्रान्सिन गॅरेट तुम्हाला तीन ऋणकोंकडून वसुली करायला सांगते. पैशांची गरज सर्वात जास्त असते तिथेच सोपा पैसा समोर येतो आणि तुमची तिसरी ओळ आडवी येते. पुढे क्रिम्झन कॅरव्हान या व्यापारी कंपनीची अ‍ॅलिस मॅकलॅफर्टी कॅस नावाच्या बाईचा बुडालेला काफिला विकत घ्यायला तुम्हालाच पाठवते. तो सौदा झाला नाही तर कॅस सोबतीला येत नाही. एका नकारापायी गेमातली एक चांगली जोडीदारीण हातची जाते. एनसीआरच्या खंडकरी शेतांवर पाणी कुठे मुरतं ते शोधण्याचं ‘द व्हाइट वॉश’ हे काम तिच्या समजुतीला तडा देतं. आणि अल्ट्रा-लक्स कॅसिनोत हेक गंडरसन नावाचा बडा पशुमालक भेटतो, ज्याचा मुलगा हरवलाय. आपल्या घराची वाट लावणाऱ्यांच्या जातकुळीतल्या माणसाचं पोर ही मुलगी शोधून देईल का? याचं उत्तर आधी लिहून ठेवू नका.

गेम पहिल्यांदाच खेळत असाल तर यातलं काहीच तुम्हाला ठाऊक नसणार. तरी चालतं. नकार निवडताना मोहावीत पावलोपावली येणारी कृती निवडा: वसुली, पाणी तोडणं, शरण आलेल्याला मारणं, झोपलेल्याच्या घरातून उचलणं. ‘ड्रॅगनची शिकार’ छापाचा दुर्मीळ नकार निवडलात तर त्याची परीक्षाच होणार नाही.

जवळचं माणूस मात्र मोहावीत जिवंत ठेवू नका. गेम तुमच्या भावाला कुठूनही आणून उभा करू शकत नाही, आणि प्रत्येक गावात न भेटणाऱ्या भावाला शोधत हिंडणं फार लवकर बेगडी वाटू लागतं. नातलग दूर ठेवा, पश्चिमेला.

आकड्यांत उतरवणं

सात गुणांना मिळून ४० गुणांक मिळतात: सगळे ५वर सुरू, वर ५ मोकळे, आणि एक कमी केला की दुसरा वाढवता येतो. वरच्या मुलीसाठी स्ट्रेंथ ६, पर्सेप्शन ७, एन्ड्युरन्स ७, करिश्मा ३, इंटेलिजन्स ६, अ‍ॅजिलिटी ६, लक ५. टॅग स्किल गन्स (बंदुका), बार्टर (घासाघीस), सर्व्हायव्हल (तग धरणं). ट्रेट, म्हणजे फायद्यासोबत तोटाही आणणारे स्वभावविशेष, दोनपर्यंत घेता येतात. तिला एकच पुरे, ‘ट्रिगर डिसिप्लिन’: गोळ्या सावकाश सुटतात, पण नेम सुधारतो. मोजून काडतुसं वापरणाऱ्या घरातली माणसं अशीच असायची.

करिश्मा ३ असताना बार्टर कशाला, असं वाटेल. हिशेब करा. स्किलचा सुरुवातीचा आकडा म्हणजे २, अधिक संबंधित गुणाची दुप्पट, अधिक लकची निम्मी (वरच्या पूर्णांकापर्यंत). म्हणजे २ + ६ + ३ = ११. टॅगचे १५ धरून २६. गुडस्प्रिंग्जच्या झटापटीत दुकानदार चेटकडून गावासाठी सामान काढायला बार्टर २५ लागतं. टॅग नसता तर ती ११वर अडकली असती. टॅग केल्यामुळे तिचं पूर्वायुष्य पहिल्या तासातच गेमच्या कानावर जातं. या गेममध्ये बोलण्यातल्या चाचण्यांना नशीब लागत नाही, आकडा आहे किंवा नाही एवढंच. त्यामुळे असा हिशेब आधी मांडता येतो. ‘फॉलआउट ३’मध्ये टक्केवारी असल्याने तो मांडता येत नाही.

उलटा मोह स्पीचचा, म्हणजे बोलून पटवण्याच्या कौशल्याचा. स्पीच टॅग केलं की बहुतेक दारं उघडतात, म्हणून दरोडेखोरापासून डॉक्टरपर्यंत सगळी कॅरेक्टरं शेवटी गोडबोली वकील होतात. पहिल्या ओळीत बोलण्याचा धंदा नसेल तर स्पीच ४०च्या वर नेऊ नका. हरलेली चाचणीही वाचण्यासारखी असते, कारण तिथे तुमचं वाक्य वेगळं, बहुधा ओशाळं, लिहिलेलं असतं.

पर्क दर दोन लेव्हलला मिळतो. मूळ गेमात लेव्हल ३०पर्यंत, म्हणजे १५ पर्क. घेताना एकच अट घाला: गेल्या दोन लेव्हलमध्ये घडलेल्या एखाद्या गोष्टीकडे बोट दाखवता आलं पाहिजे.

बेनीनंतरची पोकळी

गुडस्प्रिंग्जहून न्यू वेगासला सरळ उत्तरेने जायला गेलात तर कॅझाडोर आणि डेथक्लॉ हे राक्षसी प्राणी फाडून खातात. त्यामुळे बेनीचा माग तुम्हाला दक्षिणेकडून फिरवून नेतो: प्रिम, मोहावी आउटपोस्ट, निप्टन, नोव्हॅक, बोल्डर सिटी, मग फ्रीसाइड. या वळशात फॅक्शनांची ओळख होते. म्हणून एनसीआर की लीजन (सीझरची फौज) की मिस्टर हाउस (स्ट्रिपचा सत्ताधीश) हे बॅकस्टोरीत आधीच ठरवू नका. निप्टनच्या रस्त्यावर जे दिसेल त्यावर ठरू द्या.

टॉप्स कॅसिनोत बेनी सापडला की सूड संपतो, आणि निम्मा गेम अजून बाकी असतो. सूडावरच उभं केलेलं कॅरेक्टर इथे थांबतं. हातात काम असतं, करण्याचं कारण नसतं, आणि बरेच जण सेव्ह फाइल इथेच सोडून देतात. दुसरी ओळ बेनीपासून वेगळी ठेवायला सांगितली ती यासाठी. पाठोपाठ लीजनचा दूत सीझरची खूण हातात देतो आणि तुमचे मागचे सगळे गुन्हे माफ होतात. इतके तास ज्यांना दिसताक्षणी गोळ्या घातल्या ते आता आदराने बोलवतात. इथे क्षणभर थांबा आणि चौथी ओळ पुन्हा वाचा. समजूत अजून तशीच असेल तर ती फारच सुरक्षित निवडली होती, आता बदला.

सोबतीही साक्षीदार म्हणून निवडा, बंदूक म्हणून नको. लीजनशी जवळीक वाढली की बून हा सोबती निघून जातो. ज्याच्यासमोर तुमच्या कॅरेक्टरला लाज वाटेल असा एक जण बरोबर असला की वहीतली ओळ आपोआप आठवते.

डॉकच्या घरातून निघताना ‘हार्डकोर’ मोड विचारला जातो. बॅकस्टोरीसाठी तो घ्याच. तहान, भूक, झोप लागते, काडतुसांना वजन येतं, सोबती मेला तर मेलाच. सर्व्हायव्हल टॅग केलेल्या पशुपालकाच्या मुलीला इथेच खरा उपयोग कळतो; साध्या मोडमध्ये ते स्किल शोभेचं राहतं.

घाईचं कारण असेल तर

‘फॉलआउट ४’मध्ये तुम्ही आई किंवा बाप असता आणि तुमचं तान्हं पोर पळवलेलं असतं. गेम मात्र तुम्हाला वस्त्या बांधायला, टोमॅटो लावायला, पलंग जोडायला बसवतो. पोर हरवलेला माणूस पलंग जोडत बसत नाही. याला उपाय कॅरेक्टरमध्ये शोधू नका, क्रमात शोधा: काँकर्ड, डायमंड सिटी, मग निक व्हॅलेंटाइन हा गुप्तहेर असं थेट जाऊन ‘रीयुनियन्स’ हे क्वेस्ट आधी संपवा. त्यानंतर घाईचं स्वरूप बदलतं आणि वस्त्या बांधायला सवड मिळाल्यासारखी वाटते. त्याआधी बांधकामाला हात लावायचाच असेल तर सँक्च्युअरीत एक झोपण्याची जागा, एक पाण्याचा पंप, बस.

१९९७च्या पहिल्या ‘फॉलआउट’ने हाच प्रश्न घड्याळ लावून सोडवला होता. व्हॉल्ट १३ या भूमिगत वस्तीचा वॉटर चिप (पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा भाग) बिघडलाय, १५० दिवसांत नवा आणा. हब या शहरातल्या पाणीवाल्यांना पैसे देऊन आणखी १०० दिवस विकत मिळतात. न्यू वेगासमध्ये असं घड्याळ नाही, पण दुसऱ्या ओळीतून आपलं आपण लावता येतं. या मुलीसाठी: गेममधल्या दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, जिथे असाल तिथली मोहावी एक्स्प्रेसची पेटी गाठायची आणि २०० कॅप्स टाकायचे. या पेट्या एका गावाहून दुसऱ्या गावी सामान धाडण्यासाठीच आहेत. तारीख पिप-बॉयवर (कॅरेक्टरच्या मनगटावरच्या संगणकावर) दिसते. टाकलेले कॅप्स परत काढायचे नाहीत, स्ट्रिपच्या दारावर ५० कमी पडले तरी.