अमेरिकेत व्हिजिटिंग स्कॉलर म्हणून जाण्याची तयारी: पहिल्या मेलपासून व्हिसापर्यंत

अमेरिकेतल्या विद्यापीठात काही महिने संशोधनासाठी जायचं ठरलं की बहुतेक जण विद्यापीठाच्या वेबसाइटवर जाहिरात शोधायला लागतात. ती सहसा सापडत नाही. पोस्टडॉकची जागा जाहीर होते, प्राध्यापकाची होते. व्हिजिटिंग स्कॉलरची जागा मात्र एखाद्या प्राध्यापकाने ‘या’ म्हटलं की त्या माणसापुरती तयार केली जाते. त्यामुळे आधीची सगळी मेहनत त्या एका होकारासाठी करायची, कागदपत्रं नंतर.

होकार देणाऱ्याला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. तुमचं काम त्याच्या कामाला नेमकं कुठे जोडलं जातं? आणि पैसे कोण देणार? पहिल्या मेलमध्ये यांची उत्तरं नसतील तर चांगला सीव्हीसुद्धा न वाचता राहतो.

यजमान कसा शोधायचा

शोध विद्यापीठाच्या नावावरून सुरू करू नका. स्वतःच्या शेवटच्या दोन-तीन पेपरांची संदर्भसूची उघडा आणि त्यात पुन्हापुन्हा येणारी माणसं वेगळी काढा. मग प्रत्येकाचं पान नीट वाचा. प्रयोगशाळेच्या सदस्यांच्या यादीत आधी कुणी व्हिजिटिंग स्कॉलर येऊन गेले आहेत का? असतील तर त्या विभागाला सगळी प्रक्रिया ठाऊक आहे, आणि तुमचे दोन-तीन आठवडे वाचतील. त्या प्राध्यापकाचं चालू अनुदान कोणत्या विषयावर आहे, ते नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या वेबसाइटवर कुणालाही शोधता येतं. वैद्यकीय आणि जीवशास्त्रीय विषयांसाठी एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेची तशीच सोय आहे. अनुदानाचा गोषवारा वाचलात तर तो माणूस पुढची तीन वर्षं काय करणार आहे ते कळतं. छापून आलेले पेपर मागच्या काही वर्षांचं काम सांगतात.

निवृत्त झालेले ‘इमेरिटस’ प्राध्यापक मनापासून हो म्हणतात, पण पुष्कळ विद्यापीठांत त्यांना एकट्याने यजमान होता येत नाही. तुम्ही जाणार त्याच वर्षी यजमान स्वतः सबॅटिकलवर, म्हणजे अभ्यासरजेवर, नाहीत ना, हेही विचारून घ्या.

इतिहास, साहित्य, समाजशास्त्र असे विषय असतील तर प्राध्यापकाइतकंच ग्रंथालय महत्त्वाचं. १९६२ पासून पीएल-४८० योजनेखाली, म्हणजे भारताने अमेरिकी धान्यापोटी रुपयांत दिलेल्या पैशातून, भारतीय भाषांतली पुस्तकं पद्धतशीरपणे अमेरिकी विद्यापीठांकडे जायला लागली, म्हणून शिकागो किंवा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात मराठीचा मोठा साठा आहे. तिथल्या दक्षिण आशिया विभागाच्या ग्रंथपालांना आधीच लिहावं. अमुक नियतकालिकाचे अमुक वर्षांचे अंक आहेत की नाहीत हे ते सांगतात, आणि ती माहिती तुमच्या अर्जात पुराव्यासारखी उपयोगी पडते.

पहिली मेल

दोनशे ते अडीचशे शब्द पुरेत. सोबत दोन पानांचा सीव्ही आणि एक पानाचा संशोधन आराखडा, दोन्ही पीडीएफ. मेल संस्थेच्या पत्त्यावरून पाठवा. ‘रिस्पेक्टेड सर’, ‘युअर एस्टीम्ड युनिव्हर्सिटी’ हे आपल्याकडे सभ्यपणाचं लक्षण असलं तरी तिकडे अशा शब्दांवरून एकगठ्ठा पाठवलेली मेल ओळखली जाते. ‘डिअर प्रोफेसर’ आणि आडनाव, एवढंच लिहावं.

समजा, तुमचं काम कोकणातल्या सड्यांवरच्या वनस्पतींवर आहे. ‘मला तुमच्या प्रयोगशाळेत शिकायला आवडेल’ या वाक्यातून यजमानाला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जांभ्याच्या पठारांवर चार पावसाळे घेतलेल्या नोंदी माझ्याकडे आहेत, तुमच्या २०२३ च्या पेपरमधली पद्धत मी या नोंदींना लावून पाहिली, पण उथळ डबक्यांतल्या वनस्पतींच्या बाबतीत ती अडते, का अडते ते तुमच्यासोबत पाच महिन्यांत तपासायचं आहे. मग तारखा, मग पैशाची सोय, मग तुमची गरज: बसायला जागा, ग्रंथालय, अमुक उपकरणावर महिन्याला इतके तास. या मेलमध्ये यजमानाला त्याच्याकडे नसलेली एक गोष्ट मिळते आहे, तुमच्या नोंदी. दर वेळी अशी एक गोष्ट शोधून काढाच. दुर्मीळ कागदपत्रं, क्षेत्रकार्याची ठिकाणं, मोडी वाचता येणं, एखादा मोठा डेटा, काहीही असू शकतं.

एकाच विभागातल्या दोघांना एकाच वेळी लिहू नका. ते एकमेकांशी बोलतात. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर त्याच मेलला जोडून चार ओळींची आठवण पाठवा. तरीही काही नाही आलं तर पुढच्या नावाकडे वळा.

नमुने सोबत न्यायचे असतील तर एक गोष्ट आत्ताच लक्षात घ्या. वनस्पती, माती, सूक्ष्मजीव यांपैकी काहीही देशाबाहेर नेण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम तपासून लागेल ती परवानगी घ्यावी लागते, आणि अमेरिकेच्या कृषी खात्याचा आयात परवाना यजमानाकडून काढून घ्यावा लागतो. हे दोन्ही कागद व्हिसापेक्षा जास्त वेळ खाऊ शकतात.

वेळापत्रक

अमेरिकेत शैक्षणिक वर्ष ऑगस्टअखेर सुरू होतं, दुसरं सत्र जानेवारीच्या मध्यात. उन्हाळ्यात प्राध्यापक बरेचदा बाहेर असतात, म्हणून मे महिन्यात जाऊन पोहोचू नये. ऑगस्टमध्ये जायचं तर पहिली मेल आदल्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरात गेली पाहिजे. भारत आणि अमेरिका सरकारांच्या फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीसाठी याहून आधी हालचाल लागते, कारण तिचे अर्ज साधारण वर्षभर आधी घेतले जातात. पीएच.डी. करणाऱ्यांसाठीची तिची डॉक्टरल फेलोशिप सहा ते नऊ महिन्यांची असते.

होकार आल्यावर फाइल विभागाच्या कार्यालयातून डीनकडे आणि तिथून आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडे जाते. याला दोन-तीन महिने धरा. याच काळात आपल्या संस्थेची ना-हरकत, रजा मंजुरी आणि पीएच.डी. असेल तर मार्गदर्शक व संशोधन सल्लागार समितीची संमती मिळवायची. अनुदानित महाविद्यालयात हा प्रवास लांब असतो, म्हणून निमंत्रणपत्राच्या मसुद्यावरच अर्ज पुढे सरकवा. रजेच्या पत्रात ‘अमुक तारखेला पुन्हा रुजू होतील’ हे वाक्य असलंच पाहिजे, कारण व्हिसाच्या मुलाखतीत त्याचा आधार मिळतो.

बौद्धिक संपदेच्या कराराकडेही लक्ष द्या. बहुतेक अमेरिकी विद्यापीठं पाहुण्याकडून त्यावर सही घेतात. आपल्या संस्थेशी आधीच तसा करार झालेला असेल तर दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा आणि सही करण्याआधी संस्थेला दाखवा.

श्रेणी: सगळ्यात महाग पडणारी चूक

व्हिजिटिंग स्कॉलर हे पद. व्हिसा मात्र जे-१, म्हणजे देवाणघेवाणीच्या कार्यक्रमावर येणाऱ्यांचा. त्यात संशोधकांसाठी मुख्यतः दोन श्रेणी आहेत. ‘शॉर्ट-टर्म स्कॉलर’ ही जास्तीत जास्त सहा महिन्यांची, आणि ती वाढवून मिळत नाही. ‘रिसर्च स्कॉलर’ ही पाच वर्षांपर्यंत.

पाच वर्षांची मोकळीक बघून लोक दुसरी निवडतात आणि तिथेच अडकतात. रिसर्च स्कॉलर म्हणून तुम्ही चारच महिने राहिलात आणि कार्यक्रम संपवून परतलात, तरी पुढचे २४ महिने त्या श्रेणीत पुन्हा जाता येत नाही. वर्षभरात त्याच देशात पोस्टडॉक मिळाली तर ही बंदी आड येते. म्हणून मुक्काम सहा महिन्यांच्या आतला असेल आणि पुढे लवकरच पोस्टडॉकचा विचार असेल, तर शॉर्ट-टर्म स्कॉलर मागा. कार्यालय विचारेलच असं नाही; तुम्ही होऊन लिहून कळवा. सात-आठ महिन्यांचं काम असेल तर मात्र ही पळवाट नाही, तेव्हा पुढचा बेत आधीच यजमानाशी बोलून घ्यावा. पीएच.डी. चालू असणाऱ्यांना काही विद्यापीठं विद्यार्थी गटात घालतात आणि त्यासाठी शुल्कही घेतात. ते किती, हे होकाराच्या वेळीच विचारा.

दुसरी अट दोन वर्षं मायदेशी राहण्याची. सरकारी पैशावर, म्हणजे फुलब्राइटसारख्या शिष्यवृत्तीवर जाणाऱ्यांना ती लागू होते: ती पूर्ण केल्याशिवाय किंवा तिच्यातून सूट मिळाल्याशिवाय नोकरीचा एच-१बी व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. कोणत्या देशाला कोणत्या विषयांतल्या माणसांची गरज आहे याची एक यादी (‘स्किल्स लिस्ट’) अमेरिका काढते; पूर्वी तिच्यामुळेही पुष्कळ भारतीयांवर ही अट यायची. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने नवी यादी काढली, तीत भारत नाही. इंटरनेटवरची बरीच माहिती अजून जुन्या यादीची आहे, तिच्यावर विसंबू नका.

डीएस-२०१९ आणि त्याच्या अटी

जे-१ व्हिसासाठी आंतरराष्ट्रीय कार्यालय जो फॉर्म देतं त्याचं नाव डीएस-२०१९. त्यासाठी पैशाचा, इंग्रजीचा आणि पासपोर्टचा पुरावा लागतो.

पैसे: महिन्याला किमान किती हे विद्यापीठ ठरवतं, आणि शहर महाग तशी ती रक्कम वाढते. जोडीदार आणि मुलं सोबत असतील तर प्रत्येकामागे आणखी. रोख किंवा चटकन मोडता येणारे पैसेच धरले जातात. सातबारा, फ्लॅटचं मूल्यांकन, सोन्याची पावती यांचा उपयोग नाही. रजेच्या काळात पगार चालू राहणार असेल तर संस्थेचं तसं पत्र, दरमहा रकमेसह, सगळ्यात चांगलं. जिल्हा बँकेचं किंवा पतसंस्थेचं मराठी पासबुक असेल तर शाखेकडून इंग्रजी पत्र घ्या.

इंग्रजी: मान्य परीक्षेचे गुण, शैक्षणिक संस्थेचं सही-शिक्क्याचं पत्र, किंवा विद्यापीठाने व्हिडिओवर घेतलेली आणि नोंदवलेली मुलाखत. यांतलं काय चालेल ते कार्यालयाला विचारल्याशिवाय परीक्षेची फी भरू नका.

नाव: इथे मराठी नावांचा हमखास घोटाळा होतो. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, पेपरांवर मात्र आद्याक्षरं. डीएस-२०१९, व्हिसा अर्ज आणि विमा या तिन्हींवर पासपोर्टवरचंच नाव जसंच्या तसं हवं. लग्नानंतर पासपोर्ट बदलला आणि पेपर माहेरच्या नावावर असतील, तर सीव्हीच्या पहिल्याच ओळीत दोन्ही नावं द्या. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर अर्ज करण्याआधीच तो दुरुस्त करून घ्या.

विमा: नियमाने प्रत्येक आजार किंवा अपघातामागे किमान १ लाख डॉलर, तातडीने मायदेशी हलवण्यासाठी ५० हजार, मृतदेह परत पाठवण्यासाठी २५ हजार डॉलरचं संरक्षण लागतं, आणि स्वतः भरायची रक्कम एका आजारामागे ५०० डॉलरपेक्षा जास्त चालत नाही. इथे मिळणाऱ्या स्वस्त प्रवासी विम्यात बरेचदा हे आकडे बसत नाहीत. पॉलिसी घेण्याआधी तिचा तक्ता कार्यालयाला पाठवून होकार घ्या. सोबतच्या कुटुंबीयांनाही हेच लागू.

व्हिसा

डीएस-२०१९ हाती आला की सेविसची (परदेशी विद्यार्थी-संशोधकांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी यंत्रणेची) फी २२० डॉलर भरा आणि डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज भरा. व्हिसाची फी १८५ डॉलर. भरण्याच्या दिवशी दोन्ही आकडे अधिकृत वेबसाइटवर पुन्हा पाहा. अर्जात मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची सगळी खाती द्यावी लागतात, आणि जून २०२५ पासून जे-१ अर्जदारांना ती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं. विसरलेलं जुनं खातंही लिहा. लपवलं असं दिसलं तर त्रास होतो.

मुंबईत बोटांचे ठसे आणि फोटो आधी व्हिसा केंद्रात होतात, मुलाखत बांद्रा-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात. मुलाखत बहुधा काही मिनिटांची असते. संशोधन काय, तिथेच का, पैसे कुणाचे, परत आल्यावर काय, हे सगळं विषय न कळणाऱ्या माणसाला दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. रसायन, अणुशास्त्र, ड्रोन, प्रगत संगणन, जैवतंत्रज्ञान अशा विषयांत ‘२२१-जी’ची चिठ्ठी देऊन आणखी तपासणी होऊ शकते, तीत आठवडे जातात. सीव्ही, पेपरांची यादी, एक पानाचा आराखडा आणि यजमानाचं पत्र त्या दिवशी सोबत असू द्या म्हणजे मागितल्याबरोबर देता येईल. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द न करता येणारं तिकीट काढू नका.

पोहोचल्यावर

कार्यक्रम सुरू होण्याच्या फार तर ३० दिवस आधी देशात शिरता येतं. पोहोचल्यावर पहिलं काम आंतरराष्ट्रीय कार्यालयात नोंद करण्याचं; ती सुरुवातीच्या तारखेपासून ३० दिवसांत झाली नाही तर तुमचा व्हिसा-दर्जाच धोक्यात येतो. मधेच कॅनडाला किंवा भारतात जाऊन यायचं असेल तर डीएस-२०१९ वर प्रवासाची सही आधी घ्या. जोडीदाराला जे-२ या कुटुंबीयांच्या व्हिसावर काम करता येतं, पण परवाना तिथे गेल्यावर मागायचा असतो आणि तो येईपर्यंत काही महिने जातात, तेव्हा घरखर्चाच्या हिशोबात ती कमाई धरू नका.

अमेरिकी विद्यापीठाकडून मानधन मिळत असेल तर भारत-अमेरिका कर कराराच्या २२ व्या कलमाने संशोधकांना दोन वर्षांपर्यंत सूट आहे. ती आपोआप मिळत नाही. ८२३३ क्रमांकाचा फॉर्म विद्यापीठाच्या पगार विभागाला पहिल्या पगाराआधी द्यावा लागतो. मुक्काम दोन वर्षांच्या पुढे गेला तर आधी घेतलेली सूटही परत करावी लागू शकते, म्हणून मुदत वाढवण्याआधी याचा हिशोब मांडा. तिथे एक डॉलरही मिळवला नसला तरी ८८४३ हा फॉर्म अमेरिकेच्या कर खात्याला पुढच्या वर्षीच्या १५ जूनपर्यंत पाठवायचा असतो. तोवर तुम्ही घरी परतलेले असाल, तेव्हा निघण्याआधीच तो भरून तयार ठेवा.