कॉटनमाउथ कुठे असतो: जागा वाचायची कशी

पाण्यातला साप म्हणजे दिवड, आणि दिवड बिनविषारी. महाराष्ट्रातल्या तळ्या-ओढ्यांवर बहुतेक वेळा खरी ठरणारी ही समजूत अमेरिकेच्या आग्नेय भागात फिरताना सोडून द्या. तिथला कॉटनमाउथ, म्हणजेच वॉटर मोकॅसिन, आपल्या चापड्याच्या कुळातला विषारी साप आहे. तो दिसण्याआधी त्याची जागा ओळखता आली पाहिजे.

आधी नकाशा बघा. व्हर्जिनियाच्या आग्नेय टोकापासून फ्लोरिडा, पश्चिमेला मध्य टेक्सास आणि उत्तरेला दक्षिण इलिनॉय एवढा याचा पसारा. जॉर्जिया आणि कॅरोलिनात तो मुख्यतः किनाऱ्याकडच्या सखल पट्ट्यात राहतो. या राज्यांच्या डोंगराळ भागात लोक ज्याला कॉटनमाउथ म्हणून मारतात, तो बहुधा बिनविषारी पाणसाप असतो. ही चूक फार सापांच्या जिवावर बेतते.

मग पाणी बघा. संथ किंवा साचलेलं, काठाला दाट झाडोरा, मासे-बेडूक भरपूर: सायप्रस नावाच्या झाडांच्या दलदली, बायू (संथ, दलदली ओढे), नदीच्या पुराची मैदानं, तळ्यांचे काठ, भातशेती, रस्त्याकडेचे चर. खारट पाण्याची दलदल आणि किनाऱ्यालगतची बेटंही त्याला चालतात. फ्लोरिडाच्या सीहॉर्स की या बेटावर तर, 2015 मध्ये पक्ष्यांनी ती जागा सोडेपर्यंत, तो पाणपक्ष्यांच्या घरट्यांखाली, वरून पडणाऱ्या माशांवर जगायचा.

काठाशी नजर खाली ठेवा. पाण्यावर झुकलेल्या उंच फांदीवर ऊन खाणारा साप बहुधा पाणसाप. कॉटनमाउथ ओंडक्यावर, सायप्रसच्या मुळांशी, काठाच्या चिखलात वेटोळं घालून बसतो. पोहताना त्याचं जाड अंग पाण्यावर तरंगतं आणि डोकं वर असतं, पाणसापाचं अंग बरंचसं पाण्याखाली. पिल्लांच्या शेपटीचं टोक पिवळं-हिरवट असतं. डोक्याच्या त्रिकोणी आकारावर मात्र विसंबू नका, कारण घाबरलेला पाणसापही डोकं चपटं करतो.

सगळ्यात जास्त फसगत ऋतूमुळे होते. थंडीत पाण्यापाशी साप नाही म्हणून लोक निर्धास्त होतात, पण तेव्हा तो उंचावरच्या कपारीत, बिळात किंवा कुजक्या खोडात असतो. इलिनॉयच्या लारू-पाइन हिल्समध्ये चुनखडीचे कडे आणि दलदल यांच्यामधला सुमारे 4 किमीचा रस्ता या ये-जा करणाऱ्या सापांसाठी 15 मार्च ते 15 मे आणि 1 सप्टेंबर ते 30 ऑक्टोबर वाहनांना बंद असतो. उन्हाळ्यात तो रात्री जास्त फिरतो, म्हणून अंधारात टॉर्चशिवाय काठावर जाऊ नये.

चालताना घोट्याच्या वर येणारे बूट घाला. ओंडका थेट ओलांडू नका. आधी त्याच्यावर चढून पलीकडे बघा, मग उतरा. जिथे दिसत नाही तिथे हात घालू नका. साप दिसला तर निदान 2 मीटर अंतर राखून मागे सरा. तो जागचा हलला नाही, तोंड उघडून आतला पांढरा रंग दाखवू लागला, तर तो इशारा आहे, अंगावर येण्याची तयारी नव्हे. त्याला काठीने डिवचू नका.

चावलाच तर लगेच 911 वर फोन करा. अंगठी, घड्याळ, कडं उतरवा. सूज वेगाने चढते. हात किंवा पाय शक्य तेवढा स्थिर ठेवा, सुजेच्या कडेला पेनाने रेघ मारून वेळ लिहा. आवळपट्टी, चीर, बर्फ यातलं काहीही नको. साप पकडून दवाखान्यात नेऊ नका, डॉक्टरांना त्याची गरज नसते.